पहिल्यांदा दात साफ करून घ्यायला जाताय? खुर्चीत काय काय होतं ते आधी वाचा

आपल्याकडे दातांच्या दवाखान्याची पायरी माणूस चढतो ती दाढ ठणकायला लागली की. दुखत काही नाही, नुसते दात साफ करून घ्यायचे आहेत म्हणून येणारे अजून कमीच. त्यामुळे ‘स्केलिंग करून घ्या’ असं कुणी सुचवलं की पहिला प्रश्न येतो, म्हणजे करतात काय? दात घासतात, खरवडतात की तासतात? दुखतं का? आणि नंतर दात हलायला लागतात म्हणे, ते खरं का?

मी दातांची डॉक्टर आहे. हे प्रश्न मला रोज विचारले जातात, पण बऱ्याचदा तोंडात नळी गेल्यावर, म्हणजे नीट बोलणं अवघड असतं तेव्हा. म्हणून इथे सगळं घडतं त्याच क्रमाने सांगते.

काढायचं काय असतं?

ब्रश केल्यानंतर काही तासांतच दातांवर जंतूंचा एक पातळ, चिकट थर बसायला लागतो. त्याला प्लाक म्हणतात. तो मऊ असतो, ब्रशने निघतो. जिथे ब्रश पोचत नाही तिथे तो साचून राहतो आणि लाळेतले कॅल्शियम-फॉस्फेटचे क्षार त्यात मुरत जातात. काही दिवसांत त्याचं टणक कीटण होतं. गिझरच्या कॉइलवर बोअरच्या पाण्याचे क्षार चढतात, तसाच हा प्रकार. एकदा टणक झालं की ब्रश, मंजन, मीठ-तेल, लिंबू, कशानेच ते जात नाही. लिंबू तर चोळूच नका. आम्लाने कीटणाआधी दातावरचं आवरण झिजतं.

आरशासमोर उभं राहून खालच्या पटाशीच्या दातांच्या आतल्या बाजूवरून, जिभेकडून, नख फिरवून बघा. बहुतेकांना तिथे खडबडीत लागेल. जिभेखालच्या लाळग्रंथी तिथेच उघडतात, म्हणून सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त कीटण तिथे. दुसरी जागा वरच्या दाढांची गालाकडची बाजू, कारण गालातल्या ग्रंथीची लाळ तिथे येते.

दिसणारं कीटण पिवळट-पांढरं असतं. हिरडीखाली दडलेलं तपकिरी-काळं असतं आणि नुकसान करतं ते मुख्यतः हेच. त्याच्या खडबडीत पृष्ठभागावर जंतू सुखाने राहतात, हिरडी सुजते, ब्रश लागला की रक्त येतं. पुढे दाताला धरून ठेवणारं हाड झिजायला लागतं. हे सगळं वर्षानुवर्षं जवळजवळ न दुखता चालतं. म्हणूनच दुखण्याची वाट बघण्यात अर्थ नाही.

घरून निघण्यापूर्वी

उपाशीपोटी जायचं नाही. रक्ततपासणीसारखं समजून सकाळपासून चहासुद्धा न घेता येणारे पेशंट भेटतात. मधुमेह असेल तर नेहमीसारखं खाऊन, नेहमीची गोळी किंवा इन्सुलिन घेऊनच या.

चालू औषधांची चिठ्ठी बरोबर ठेवा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करून येऊ नका. ‘रक्त येईल म्हणून दोन दिवस गोळी घेतली नाही’ हे ऐकलं की मला धडकी भरते. हिरडीतून येणारं थोडं रक्त आम्ही दाबून थांबवू शकतो. गोळी बंद केल्याने हृदयात किंवा मेंदूत गुठळी झाली तर ते आमच्या हातात नसतं. काय करायचं ते दातांचे आणि हृदयाचे डॉक्टर आपसांत बोलून ठरवतील.

हृदयाची झडप बदललेली असेल, पूर्वी हृदयाच्या आतल्या आवरणाला जंतुसंसर्ग झाला असेल किंवा जन्मजात हृदयदोष असेल, तर वेळ घेतानाच फोनवर सांगा. यातल्या काहींना उपचाराआधी अर्धा ते एक तास अँटिबायोटिकचा डोस लागतो, आणि तो घरूनच घेऊन येणं सोयीचं. पेसमेकर असेल, नुकताच हार्ट अटॅक येऊन गेला असेल, डायलिसिस चालू असेल, तेही आधीच सांगा. दम्याचा पंप खिशात असू द्या. सर्दी-खोकला, ताप असेल किंवा ओठावर ताजे फोड (जर) उठले असतील तर तारीख पुढे ढकला. या कामात पाण्याचे बारीक तुषार उडतात आणि ते सगळ्यांच्याच श्वासात जातात.

गरोदरपणात स्केलिंग चालतं. त्या काळात हिरड्या पटकन सुजतात, म्हणून उलट गरजेचंच असतं. चौथ्या ते सहाव्या महिन्यात खुर्चीत आडवं होणं त्यातल्या त्यात सुखाचं जातं.

आणखी एक, जे फार थोडे जण करतात: आपला रोजचा ब्रश पिशवीत टाकून आणा. का ते पुढे सांगते.

खुर्चीत बसल्यावर

पहिली पाच मिनिटं विचारपूस. इथे तंबाखू, गुटखा, मावा, मिश्री, सिगारेट यांबद्दल खरं सांगा. महाराष्ट्रात गुटखाबंदी २०१२ पासून आहे, तरी पुड्या खाणारे रोज येतात, हे आम्हाला ठाऊक आहे. मिश्रीचं तर विशेष सांगायला हवं. गावाकडच्या कितीतरी आजी, मावशी तिला दात घासायची पूडच समजतात. ‘तंबाखू खाता का?’ विचारलं तर प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतात. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. हे प्रश्न आम्ही रागावण्यासाठी विचारत नाही; तोंडात काय शोधायचं ते त्यावरून ठरतं.

मग गळ्याभोवती एप्रन बांधतात, डोळ्यांवर चष्मा देतात. दिला नाही तर मागून घ्या. उपकरणं ऑटोक्लेव्हमध्ये, दाबाखालच्या वाफेत १२१ किंवा १३४ अंश सेल्सिअसला निर्जंतुक होऊन बंद पाकिटातून यायला हवीत. पाकीट तुमच्यासमोर फोडलं गेलं का ते बघा, आणि शंका आली तर विचारा. हा प्रश्न विचारण्यात उद्धटपणा नाही. चांगल्या डॉक्टरला तो आवडतो.

याच वेळी एक खूण ठरवून घ्या: डावा हात वर केला की थांबायचं. घाबरणाऱ्या माणसाला याने जितका धीर येतो तितका माझ्या गोड बोलण्याने येत नाही. पटकन उमासे येत असतील तर तेही सांगा, खुर्ची थोडी उभी ठेवता येते. श्वास नाकाने घ्यायचा.

मोजमाप

लोकांना वाटतं, खरं काम यंत्र सुरू झाल्यावर. माझ्या मते या भेटीतला सगळ्यात मोलाचा भाग त्याच्या आधीचा आहे, आणि घाईत नेमका तोच गाळला जातो.

आधी आरसा घेऊन गाल, जीभ, जिभेखालचा भाग, टाळू, ओठांची आतली बाजू बघतात. पांढरा किंवा लाल चट्टा, बरी न होणारी जखम, दोरीसारखे ताठ झालेले गाल, कमी उघडणारं तोंड, हे शोधायचं असतं. गुटखा-सुपारी खाणाऱ्यांत गाल ताठ होऊन तोंड उघडेनासं होतं आणि पुढे त्यातून कर्करोग होऊ शकतो. तो लवकर सापडला तर माणूस वाचतो. दात साफ करायला आलेल्याच्या गालावर असा चट्टा दिसणं ही दंतवैद्याच्या कामातली नेहमीची गोष्ट आहे.

नंतर येतो प्रोब: मिलिमीटरच्या खुणा असलेली, बोथट टोकाची बारीक सळई. दात आणि हिरडी यांच्यामध्ये एक अरुंद फट असते. प्रोब त्यात अगदी हलक्या हाताने उतरवून ती किती खोल आहे ते मोजतात. तुम्हाला कानावर आकडे पडतील: ‘दोन, दोन, तीन... दोन, तीन, पाच.’ एक ते तीन मिलिमीटर म्हणजे ठीक. चार किंवा त्याहून जास्त म्हणजे हिरडी दातापासून सुटून तिथे खोलगट कप्पा झालाय, ज्याला आम्ही पॉकेट म्हणतो. पाच-सहा मिलिमीटर खोल गेलेल्या कप्प्याच्या तळाशी तुमचा ब्रश कधीच पोचणार नाही. निरोगी हिरडीला प्रोब लागला तर किंचित टोचल्यासारखं वाटतं, रक्त येत नाही. जिथे रक्त येतं तिथे सूज आहे.

वेळ कमी असेल तर प्रत्येक दात न मोजता तोंडाचे सहा भाग करून प्रत्येकातला सगळ्यात वाईट आकडा नोंदवतात. तेही चालतं. पण आकडे घ्यायलाच हवेत आणि ते तुम्हाला कळायला हवेत. सरळ विचारा, ‘डॉक्टर, माझा सगळ्यात मोठा आकडा किती आणि कुठल्या दाताशी?’ गरज वाटली तर एक्स-रे काढून हाड किती उरलंय ते बघतात.

यंत्र सुरू झालं की

आधी जंतुनाशक औषधाची चूळ भरायला देतात. मग तोंडात पाणी ओढून घेणारी वाकडी नळी, म्हणजे सक्शन, अडकवतात.

यंत्राचं टोक टोकदार दिसतं, पण ते कापत नाही. सेकंदाला साधारण २५ ते ४५ हजार वेळा इतक्या बारीक थरथरीने ते हलतं आणि कीटणाला तडे पाडतं. टोक तापू नये म्हणून त्यावर सतत पाणी पडत असतं, आणि तेच पाणी सुटलेले कण वाहून नेतं. चिर्रर्र असा उंच पट्टीतला आवाज येतो. तो थेट हाडातून कानात जातो, म्हणून बाहेरच्यापेक्षा तुम्हालाच मोठा वाटतो. त्याचा कुणाला त्रास होत असेल तर मी इअरफोन लावून गाणी ऐका म्हणते.

मी सुरुवात बहुतेक वेळा खालच्या पुढच्या दातांच्या आतून करते. पेशंटला तिथेच फरक लगेच जाणवतो. टोक लागलं की कीटणाचा तुकडा टक्कन सुटतो. कधी तो चार दातांना जोडून बसलेला अखंड पट्टाच असतो. काही जण तो हातात घेऊन दचकतात: ‘डॉक्टर, दात तुटला का हो?’ नाही, काका. दात जागेवर आहे, त्याच्यावरचं ओझं उतरलं.

दुखतं का? हिरड्या निरोगी असतील तर दुखत नाही. थरथर, गार पाण्याची शिवशिव आणि मधूनच टोचल्यासारखं, इतकंच. हिरड्या सुजलेल्या असतील किंवा दातांची मुळं उघडी पडली असतील तर कळ येते. अशा वेळी सोसत बसू नका, डावा हात वर करा. यंत्राचा जोर कमी करता येतो, बधिर करणारं जेल लावता येतं, अगदीच लागलं तर इंजेक्शन देता येतं.

रक्त येणारच, विशेषतः पहिल्या खेपेला. चूळ लाल दिसली की माणूस घाबरतो, पण ते सुजलेल्या हिरडीतून येतं आणि पाण्यात मिसळून असतं त्यापेक्षा जास्त दिसतं.

यंत्रानंतर दातांच्या फटीत आणि हिरडीच्या कडेला हाताच्या बारीक उपकरणांनी उरलंसुरलं काढतात. तेव्हा खरखर ऐकू येते. तोंडात इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेला कृत्रिम दात, असेल तर सुरुवातीलाच सांगून ठेवा. त्याच्यावर धातूचं नेहमीचं टोक न वापरता वेगळं वापरतात.

‘दात हलायला लागले’

हा समज इतका खोल रुजलाय की त्यापायी माणसं वीस-वीस वर्षं दात साफ करत नाहीत आणि शेवटी कवळी बसवतात. म्हणून जरा सविस्तर.

कीटण दातांच्या मधल्या जागेत भरतं आणि शेजारशेजारचे दात एकमेकांना जखडून टाकतं. आत हाड झिजत असतं, हिरडी सुजून वर आलेली असते. दात आधीच सैल झालेले असतात, पण कळत नाही. कीटण निघालं, आठवड्याभरात सूज उतरली की हिरडी आपल्या खऱ्या पातळीवर येते, फटी दिसतात, दात किंचित हलताना जाणवतात. जिभेला ती मोकळी जागा परकी वाटते. साहजिकच माणूस म्हणतो, स्केलिंगने हे झालं. खरं तर झालेलं नुकसान फक्त उघड झालं. कीटण तसंच ठेवलं असतं तर हाड आणखी खाली गेलं असतं. सूज उतरल्यावर बरेचदा हलणं थोडं कमीही होतं, पण गेलेलं हाड मात्र या सफाईने परत येत नाही. म्हणूनच लवकर या, असं मी सारखं सांगते.

दातावरचं आवरण निघून जातं, ही दुसरी भीती. ते आवरण, एनॅमल, शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ आहे. नीट धरलेल्या यंत्राने ते खरवडलं जात नाही. विटेची पूड, कोळसा, राखुंडी बोटाने घासणाऱ्यांचे झिजलेले दात मी पाहिलेत. तिथे खरी झीज आहे.

पॉलिश आणि फ्लोराइड

फिरत्या रबरी कपाने रवाळ पेस्ट लावून दात गुळगुळीत करतात. पुदिन्याची चव, गुदगुल्या, तीन-चार मिनिटं. चहा-तंबाखूचे वरवरचे डाग यात जातात. काही ठिकाणी बारीक पूड आणि पाण्याच्या फवाऱ्याने डाग उडवतात.

दात पांढरेशुभ्र होतील ही अपेक्षा मात्र ठेवू नका. दाताचा मूळ रंगच किंचित पिवळसर असतो. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडकडच्या काही गावांत पाण्यात फ्लोराइड जास्त असतं आणि लहानपणी ते पाणी प्यायलेल्यांच्या दातांवर तपकिरी पट्टे असतात. ते दाताच्या आत असतात, स्केलिंगने जात नाहीत. त्यावर वेगळे उपचार आहेत.

दात लवकर किडत असतील किंवा शिवशिवत असतील तर शेवटी फ्लोराइडचं जेल किंवा व्हार्निश लावतात. जेलनंतर अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही.

आता पिशवीतला ब्रश काढा आणि डॉक्टरांना घासून दाखवा. उजव्या हाताने ब्रश करणाऱ्यांचा जोर बऱ्याचदा डाव्या सुळ्यावर पडतो आणि तिथली हिरडी उतरलेली असते, तर खालच्या दातांची आतली बाजू कोरडीच राहिलेली असते. तुमचं काय चुकतंय ते तुमच्याच तोंडात, तुमच्याच ब्रशने दोन मिनिटांत कळतं. कितीही लेख वाचून ते कळणार नाही.

वेळ आणि खर्च

अर्धा-पाऊण तास पुरतो. कीटण फार असेल तर दोन बैठका. भारतात हे काम बहुतेक ठिकाणी डेंटिस्ट स्वतःच करतात. खासगी दवाखान्यात गाव आणि दवाखाना पाहून काहीशे रुपयांपासून दोन-तीन हजारांपर्यंत खर्च येतो. परवडत नसेल तर मुंबईचं नायर दंत महाविद्यालय, मुंबई-नागपूरची शासकीय दंत महाविद्यालयं, गोव्यात बांबोळीचं डेंटल कॉलेज इथे तो बराच कमी असतो. तिथे बरेचदा शिकणारे विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ जास्त लागतो, पण तपासणी सहसा अगदी कसून होते.

‘तुम्हाला डीप क्लीनिंग लागेल’ असं सांगितलं तर तो वेगळा उपचार आहे. खोल कप्प्यांतल्या मुळांवरचं कीटण हिरडी बधिर करून, तोंडाचा एकेक भाग घेऊन काढतात. खर्चही वेगळा. त्याला ‘हो’ म्हणण्याआधी आकडे विचारा. कुठेच चारच्या वर आकडा नसेल तर त्याची गरज काय, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. आणि आकडे खरोखर पाच-सहा असतील तर मात्र टाळू नका.

घरी आल्यावर

त्या दिवशी हिरड्या हुळहुळतात. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करा, तिखट आणि फार गरम खाणं एक दिवस बाजूला ठेवा. गार पाणी, आइस्क्रीम काही दिवस दातांना झोंबतं. शिवशिव कमी करणारी पेस्ट वापरा, पण दोन दिवसांत गुण येत नाही म्हणून टाकून देऊ नका. तिला दोन आठवडे द्या.

रक्त येतंय म्हणून ब्रश बंद करणं ही सगळ्यात घातक गोष्ट. मऊ ब्रश, हिरडी आणि दात यांच्या सांध्यावर तिरका धरून, दोन वेळा, दोन-दोन मिनिटं. सूज उतरली की रक्त आपोआप थांबतं. थेंब-थेंब रक्त दिवसभर चालूच राहिलं, गालावर सूज आली किंवा ताप आला तर डॉक्टरांना फोन करा.

पुन्हा कधी?

‘दर सहा महिन्यांनी’ हे वाक्य सगळ्यांना पाठ आहे, पण सगळ्यांना ते सारखं लागू नाही. ब्रिटनच्या आरोग्य मार्गदर्शक संस्थेने, नाइसने, २००४ सालीच सांगितलं की प्रौढ माणसाची पुढची तपासणी त्याच्या धोक्यानुसार तीन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कधीही ठरवावी. दंतवैद्याकडे नियमित जाणाऱ्या, हिरड्यांचा गंभीर आजार नसलेल्या प्रौढांच्या अभ्यासांचा आढावा कोक्रेनने, म्हणजे वैद्यकीय संशोधन एकत्र करून तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, २०१८ मध्ये घेतला. त्यात ठरावीक अंतराने स्केलिंग केल्याने हिरड्यांच्या सुजेत फारसा फरक पडलेला दिसला नाही.

हे वाचून कुणी खुर्ची टाळू नये. ते अभ्यास आधीच निगा राखणाऱ्यांचे होते. चाळिशीत पहिल्यांदा येणारा, मधुमेह असलेला, तंबाखू खाणारा माणूस त्या गटात बसत नाही. अशांना मी तीन-चार महिन्यांनी बोलावते. ज्यांचे सगळे आकडे तीनच्या आत, रक्त नाही, घरचा ब्रश नीट, त्यांना वर्षभराने आलात तरी चालेल असं सांगते.

निघताना तुमचे आकडे कागदावर लिहून मागा किंवा नोंदीचा फोटो काढून घ्या. गाव बदललं, डॉक्टर बदलले तरी पुढच्या खेपेला तो दाखवा. गेल्या वेळचा पाच या वेळी चार झाला की सहा, हे पहिल्या पाच मिनिटांत कळेल आणि पुढची तारीख त्यावरूनच ठरेल.